पाच रिकाम्या खुर्च्या

कॅमेरा हरवून आज अकरा दिवस झाले. बसमध्ये डोक्यावरच्या फळीवर काळी पिशवी ठेवली. उतरताना एका खांद्यावर पर्स, हातात बॅग, आणि ती पिशवी वर तशीच. बस वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा माझा हात सवयीने गळ्यातला पट्टा चाचपत होता.

कॅमेऱ्याचं वाईट वाटलं नाही म्हणाले तर खोटं होईल, पण तो पुन्हा घेता येतो. आत टपाल तिकिटाएवढं कार्ड होतं आणि त्यात ३८६ फोटो. बाबा धरून पाच भावंडं नऊ वर्षांनी एका खोलीत आली होती. मोठ्या काकांना आता प्रवास झेपत नाही, तरी ते आले. पुन्हा पाचही जण जमतील, असं म्हणायचं धाडस आमच्यात कोणी करत नाही.

सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? सगळ्यांना मीच म्हणाले होते, "फोन ठेवा रे खाली, मी काढतेय, नंतर पाठवते सगळ्यांना." आणि त्यांनी शहाण्यासारखे फोन ठेवले. आता घराघरातून गोळा केले तर चौदा फोटो मिळाले, त्यातल्या सहांत कुणाची तरी पाठ.

तक्रार लिहायला सिरियल नंबर हवा होता. खोका कधीच फेकलेला. शेवटी जुन्या एका फोटोच्या पोटातून, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये आपोआप लिहून ठेवतो त्या माहितीतून (एक्झिफमधून), तो सापडला. मेनूमध्ये मालकाचं नाव भरायची जागा असते, तीही मी कोरीच ठेवलेली. आणि ज्याची कबुली द्यायला लाज वाटते ते हे, की माझ्या कॅमेऱ्याला दोन कार्डांचे खाचे आहेत. दुसऱ्यात कार्ड घालून मेनूत तसं ठरवून दिलं की प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरतो. ते दुसरं कार्ड ड्रॉवरमध्ये पडून आहे. अर्थात दोन्ही कार्डं बसमध्येच गेली असती म्हणा. उतरण्याआधी एक काढून पर्समध्ये टाकायचं, एवढं सुचायला हवं होतं.

तीन जणांनी रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवलं. बाबांनो, त्याला कार्ड हातात लागतं! पण एक गोष्ट खरी आहे. कार्ड नुसतं फॉरमॅट केलं तर जुने फोटो बहुतेक वेळा लगेच जात नाहीत, नवे त्यांच्यावर लिहिले जाईपर्यंत आत राहतात. रात्री हे आठवलं की आधी बरं वाटतं आणि मग आणखीच झोप उडते. कुणाच्या तरी कपाटात मोठे काका अजून हसतायत.

एक फोटो मात्र वाचला. सकाळी कुणी यायच्या आधी उजेड बघायला मी खुर्च्या मांडून एक काढला होता आणि वायफाय चालतंय का म्हणून फोनवर घेतला होता. ॲपने २४ मेगापिक्सेलचा २ मेगापिक्सेल करून पाठवलेला. पाच रिकाम्या खुर्च्या, डावीकडे खिडकी, एका खुर्चीच्या पाठीवर माझी ओढणी.

काल तो बाबांना दाखवला. मला वाटलं, हळहळतील. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं. "इथे दादा. इथे मी. ही थोरली, तिने खुर्ची पुढे ओढली होती, तुला आठवतं?" मला आठवत नव्हतं. मग त्यांनी धाकट्या आत्याला फोन लावला, आणि शेवटच्या खुर्चीत ती बसली होती की धाकटे काका, यावरून दोघांचं जे जुंपलं, ते अर्धा तास थांबलं नाही. आत्या म्हणाली, "तो फोटो मला पाठव, मी दाखवते."

पाठवला. अजून निकाल लागलेला नाही.