छातीवरचा दिवा

अल्ट्रामॅन म्हणजे जपानी टीव्हीवरचा, माणसाशी एकरूप होऊन राक्षसांशी लढणारा महाकाय परग्रहवासी. त्याच्या छातीवर मधोमध एक गोल दिवा असतो. एरवी निळा. ताकद संपत आली की लाल होतो, लुकलुकतो आणि टिंग टिंग वाजायला लागतो. या बाबाला पृथ्वीवर फार तर तीन मिनिटं तग धरता येतो. तेवढ्यात समोरच्या राक्षसाचा निकाल लावायचा, नाहीतर खेळ खलास. १७ जुलै १९६६ रोजी जपानच्या टीबीएस वाहिनीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा मालिका रंगीत होती, पण बहुतेक घरांतला टीव्ही काळा-पांढराच होता. निळ्याचा लाल झालेला तिथे कळायचा कसा? लुकलुकणं आणि वाजणं मात्र कुठल्याही टीव्हीवर कळत होतं. दिवा वाजायला लागला की जपानभरची पोरं टीव्हीला नाक लावून बसत असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तर डिसेंबर २०१९ मध्ये 'शिन अल्ट्रामॅन' या नव्या सिनेमातल्या अल्ट्रामॅनचं रूप जाहीर झालं आणि चाहत्यांनी पाहिलं तर छातीवर दिवाच नाही. नुसती चंदेरी-लाल, सडपातळ आकृती. पाठीवरचा तो लांबच लांब उंचवटा, ज्याच्याआड पोशाखाची चेन लपवलेली असे, तोही गायब. डोळ्यांखालची छिद्रं, ज्यांतून आतला माणूस बाहेर बघायचा, तीही बुजवलेली. दिव्यावाचून अल्ट्रामॅन म्हणजे काय राहिलं, असं एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाला आनंदाचं भरतं आलं. आणि गंमत म्हणजे दोन्ही गट एकच दावा करत होते, की आम्ही मूळ अल्ट्रामॅनच्या बाजूचे.

दुसऱ्या गटाचा दावा समजून घ्यायला तोरू नारिता हे नाव माहीत असावं लागतं. अल्ट्रामॅनचं रूप रेखाटलं ते या चित्रकार-शिल्पकाराने. त्याच्या कल्पनेतल्या आकृतीवर दिवा नव्हताच. तीन मिनिटांच्या मर्यादेचं नाट्य पडद्यावर दिसावं म्हणून तो नंतर बसवला गेला आणि नारिताला तो कधीच आवडला नाही. १९८३ साली त्याने अल्ट्रामॅनचं एक तैलचित्र काढलं. सत्य, न्याय आणि सौंदर्य यांचा अवतार, असं काहीसं त्याचं भारदस्त नाव. त्यात दिवा नाही, चेन नाही, छिद्रं नाहीत. नारिता २००२ मध्ये गेला. नव्या सिनेमाचा लेखक हिदेआकी आन्नो आणि दिग्दर्शक शिंजी हिगुची यांनी हे चित्र समोर ठेवून आपला अल्ट्रामॅन घडवला. म्हणजे दिवा काढला तो नवेपणाच्या हौसेने नव्हे, तर मुळाच्याही मागे जाण्याच्या हट्टाने.

आपल्याकडे जुनं नाटक नव्याने उभं राहिलं की मध्यंतरात वडा खाता खाता एक काका हमखास म्हणतात, "मूळ संचात पाहिलंय हो आम्ही, त्याची सर नाही." या काकांना कुणी सांगितलं की नाटककाराच्या हस्तलिखितात हा प्रवेश असाच होता, तुमच्या मूळ संचाने तो बदलला होता, तर काका ऐकून घेतील का? वड्याचा पुढचा घास घेतील. त्यांचं मूळ म्हणजे त्यांनी तरुणपणी जे पाहिलं ते, आणि मला ते अजिबात चूक वाटत नाही. नारिताच्या मनात काय होतं हे त्या पोरांना कुठे ठाऊक होतं? त्यांना टिंग टिंग ठाऊक होतं. चित्रकाराला नकोसा झालेला दिवाच नेमका पोरांच्या काळजात जाऊन बसला, त्याला कोण काय करणार!

शिवाय मूळ तरी एक कुठे आहे? त्या ३९ भागांच्या मालिकेत अल्ट्रामॅनचे मुखवटेच तीन झाले. पहिला जरा सुरकुतलेला, ओबडधोबड, नंतरचे गुळगुळीत. खरे जाणकार एक चौकट पाहून हा कितवा मुखवटा ते सांगतात. सिनेमात अल्ट्रामॅन पहिल्यांदा उतरतो तेव्हा नखशिखांत चंदेरी असतो आणि त्याचा चेहरा त्या पहिल्या मुखवट्याची आठवण करून देतो. माणसाशी एकरूप झाल्यावर मग अंगावर लाल पट्टे येतात, आणि ताकद ओसरली की ते हिरवे पडतात. दिवा गेला, पण दिव्याचं काम सगळ्या अंगाला वाटून दिलं. ही तोड मला फार आवडली. उंची मात्र ४० मीटरची ६० केली, आणि त्याबद्दल कुणी गळा काढल्याचं माझ्या कानावर नाही. चाहत्यांचा जीव कशात अडकेल आणि कशात नाही, याला काही हिशोब नसतो.

या सगळ्यात मला खरं कुतूहल आहे ते आन्नोचं. जन्म १९६०चा, म्हणजे मालिका आली तेव्हा वय सहा. टीव्हीला नाक लावणाऱ्या पोरांपैकीच एक. पुढे ओसाकात कलाशिक्षण घेताना आणि त्यानंतरही त्याने मित्रांच्या साथीने स्वतःचे हौशी अल्ट्रामॅनपट काढले. १९८३च्या त्यातल्या सगळ्यात गाजलेल्यात अल्ट्रामॅन झालाय तो स्वतः आन्नो. मुखवटा नाही, अंगात चंदेरी-लाल जाकीट, डोळ्यांवर चष्मा, विस्कटलेले केस. आणि भोवतीची छोटी घरं, विमानं, स्फोट मात्र इतके नेटके, की थोड्या वेळाने हा चष्मेवाला पोरगा चाळीस मीटर उंच आहे हे आपण निमूट मान्य करतो. इथे दिवा-बिवा सोडा, चेहराच नव्हता, तरी तो अल्ट्रामॅन होता. आता असा माणूस साठीला टेकल्यावर खरोखरीचा अल्ट्रामॅन लिहायला बसतो, तेव्हा त्याच्यावर "तुम्हाला मूळ मालिका कळली नाही" असं ओरडायचं कुणी?

उलट त्याला ती जरा जास्तच कळलेली आहे. जुन्या मालिकेत अल्ट्रामॅन उडायचा तेव्हा तो खरं तर तारेला टांगलेला बाहुला असे, म्हणून हातपाय ताठ. आज संगणकावर तो हवा तसा वळवता-वाकवता येईल. पण नव्या सिनेमातही तो ताठच उडतो, ताठच गरागरा फिरतो, बाहुल्यासारखा. लाखमोलाचं तंत्र वापरून स्वस्तातल्या बाहुल्याची नक्कल! नवख्या प्रेक्षकाला वाटतं, काम कच्चं राहिलंय. जुन्याला हसू आवरत नाही.

राक्षसांचंही तेच. साठच्या दशकात मालिका काढणाऱ्या त्सुबुराया कंपनीकडे पैशांची चणचण होती. मग तोहो या चित्रपट कंपनीच्या १९६५च्या चित्रपटातला बारागॉन नावाच्या राक्षसाचा पोशाख आणून त्याचं डोकं बदलत बदलत पागोस, नेरोंगा, गाबोरा असे वेगवेगळे राक्षस केले गेले. नव्या सिनेमात हे तिघे आहेत, आणि तिघांचं धड मुद्दाम सारखं ठेवलंय. काटकसरीला सहा दशकांनी मिळालेला हा मान पाहून त्या जुन्या पोशाखवाल्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. पार्श्वसंगीतात मूळ मालिकेचे संगीतकार कुनिओ मियाउची यांचे १९६६चे तुकडे येतात, तेही जुन्या ध्वनिमुद्रणातले, आणि मधूनच आवाज जुन्या रेडिओतून आल्यासारखा होतो.

१३ मे २०२२ला सिनेमा आला आणि जपानात त्याने ४४० कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला. तरी तक्रारी व्हायच्या त्या झाल्याच. मालिकेचे चार-पाच भाग घेऊन दोन तासांत टाके घातलेत, ही त्यातली रास्त. एक राक्षस संपला की दुसरा, की परग्रहवासी, की पुढचा. मध्ये श्वास नाही. त्याहून रास्त तक्रार मासामी नागासावाने केलेल्या असामी या अधिकारी बाईबद्दलची. कॅमेरा तिच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजरही १९६६मधून उचलून आणल्यासारखी आहे. मुळाशी इमान राखायचं तर सगळंच राखलं पाहिजे असं थोडंच आहे? ती धूळ झटकली असती तर एकाही चाहत्याचं काही बिघडलं नसतं. हा दोष मी जिव्हाळ्यापोटी माफ करायला तयार नाही.

आणि मग मेफिलास. हा परग्रहवासी काळा सूट घालून येतो, अदबीने बोलतो, बागेत झोक्यावर बसून आणि साध्याशा खानावळीत पेल्यासमोर बसून पृथ्वी ताब्यात घेण्याचा सौदा करतो. म्हणी आणि वाक्प्रचार पेरायचे आणि वर "हे माझे आवडते शब्द आहेत" म्हणायचं, ही त्याची लकब. ती जपानात घराघरांत गेली. ज्यांना दिवा नसल्याचं दुःख होतं, तेही ही लकब घोळवायला लागले. चाहत्याचा राग असाच असतो, समोर नवं खेळणं आलं की जुनं भांडण अर्धं विसरलं जातं.

आपल्याकडे अल्ट्रामॅनचं असं वेड कधी नव्हतं. आपल्या पोरांकडे आले ते पॉवर रेंजर्स, आणि तेही जपानहून अमेरिकेत जाऊन, तिथे नवे चेहरे लावून, मग हिंदीत बोलायला शिकून. त्यांचा २०१७चा सिनेमा आला तेव्हा त्या पिढीचं गाऱ्हाणं वेगळंच होतं, की रंगीत पोशाख अंगावर चढेपर्यंत निम्म्याहून अधिक सिनेमा सरतो, आणि लाडकं शीर्षकगीत वाजतं ते जेमतेम काही सेकंद. जगाचं भवितव्य ठरवणारा स्फटिक एका डोनटच्या दुकानाखाली पुरलेला असतो, याचं कुणाला फारसं वावडं वाटलं नाही. गाणं मात्र पुरं वाजवायला हवं होतं.

आन्नोने अशा लोकांची चेष्टाही केलीय आणि त्यांना साष्टांग नमस्कारही घातलाय, दोन्ही एकाच पात्रात. जुन्या मालिकेच्या शेवटच्या भागात अल्ट्रामॅनला न्यायला त्याच्याच जातकुळीचा झोफी येतो. त्या काळी मुलांच्या मासिकांत मात्र चुकून भलतंच छापलं गेलं, की झोफी हा झेत्तॉन नावाच्या महाराक्षसाला पृथ्वीवर सोडणारा परग्रहवासी आहे. नावही किंचित लांबवलेलं, झोऽफी. ही चूक कधीच दुरुस्त झाली, पण तेव्हाच्या पोरांच्या ध्यानात ती पक्की राहिली. नव्या सिनेमात हा झोऽफी त्याच लांबवलेल्या नावाने येतो आणि खरोखरच झेत्तॉनला पृथ्वीवर सोडतो. नव्या प्रेक्षकांना वाटलं, कथेला काय झकास कलाटणी दिलीय. पन्नाशी-साठी ओलांडलेले काही प्रेक्षक मात्र त्या वेळी बाजूच्या खुर्चीतल्या नातवाला ते मासिक समजावून सांगत बसले असतील, आणि नातू म्हणत असेल, आजोबा, आधी सिनेमा बघू द्या.