मजा येतेय ना?

प्रत्येक सहलीत असा एक जण असतोच. तारकर्लीच्या वाळूत सगळे पाय पसरून बसलेत, कोणी उकडलेल्या शेंगा सोलतंय, आणि हा विचारतो, "मजा येतेय ना?" येत असते हो, पण विचारलं की तपासावी लागते. मग कळतं, पाठ भाजतेय, शेंगा खारट झाल्यात आणि परतताना घाटात गाडी अडकणार आहे.

आगरकरांवर ज्याच्या विचारांचा एवढा पगडा होता, त्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. साल १८२६, वय वीस. जगात ज्या सुधारणा व्हाव्यात असं वाटतं, त्या सगळ्या आत्ता, या क्षणी झाल्या तर तू सुखी होशील? आतून उत्तर आलं, नाही. पुढे कित्येक महिने बिचारा उदास होता. (तिसऱ्या वर्षी बापाने ग्रीक शिकवायला घेतल्यावर दुसरं काय होणार!) आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलंय की आपण सुखी आहोत का असं विचारलं, की सुख संपलंच. मन दुसऱ्या कशात तरी गुंतवावं, सुख जाता जाता भेटतं.

मला हे बारा आणे पटतं. उरलेल्या चार आण्यांत माझी आई आहे. मिलच्या हिशेबाने ती केव्हाच सुखी व्हायला हवी होती, कारण स्वतःच्या सुखाकडे तिने कधी पाहिलंच नाही. सगळ्यांच्या मागून जेवायची, करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घ्यायची आणि वर म्हणायची, "माझं काय, मला काहीही चालतं." ते ऐकून आमचा घास घशात अडकायचा. ज्यांना आयुष्यात "तुला काय हवंय?" असं कोणी विचारलंच नाही, त्यांना सुखामागे धावू नका म्हणून सांगायला मिलची काय किंवा माझी काय, जीभ रेटू नये.

साठीनंतर आई भिशीतल्या बायकांबरोबर नाटकांना जायला लागली. चांगली साडी, गजरा, रिक्षा, मध्यंतरात स्वतःच्या पैशाचा बटाटेवडा. यात ना घराचं भलं, ना समाजाचं. त्या दिवशी आमचं जेवण आम्हीच बघायचं. परवा विचारलं, नाटक कसं होतं?

"पहिल्या अंकात झोपले मी," ती म्हणाली. "पण पुढच्याचं तिकीट काढलंय."