मेळघाटातलं लसीकरण सत्र: शेवटचे ६ किलोमीटर

मायक्रोप्लॅनमध्ये, म्हणजे लसीकरण सत्रांच्या आराखड्यात, लिहिलंय, ‘उपकेंद्र ते ढाणा, ६ किमी, गाडीने २० मिनिटे.’ ढाणा म्हणजे पाड्यासारखी छोटी वस्ती. जुलैत त्यावर विसंबून निघू नका. दोन किलोमीटरवर नाला आडवा येतो, पुढे चिखल, आणि लसीचा डबा खांद्यावर. जायला पावणेदोन तास लागले, यायला त्याहून जास्त. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीचा रस्ता ठीक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

नाल्यावर ट्रॅक्टरवाल्याने माणशी १०० रुपये मागितले, तेही पाणी घोट्याएवढं असताना. देऊ नका. पाण्याला ओढ असेल किंवा तळ दिसत नसेल, तर ट्रॅक्टरनेही जाऊ नका. सत्र दुसऱ्या दिवशी घेता येतं.

खरा घात मात्र नाल्यावर होत नाही. तो पहाटे, डबा भरताना होतो. ‘लस उन्हाने खराब होते’ हे सगळे सांगतात, गारठ्याचं कुणी सांगत नाही. डीप फ्रीजरमधला आइसपॅक उणे १५ ते उणे २५ अंशांवर असतो. तो तसाच डब्यात कोंबला की पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), पीसीव्ही (न्यूमोकोकलची लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी त्याला टेकून गोठतात आणि वाया जातात. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने काळवंडत जाणारा छोटा चौकोन, यात काही सांगत नाही. तो फक्त उष्णता नोंदवतो. गोठलेल्या कुपीचा चौकोनही स्वच्छ पांढराच दिसतो.

म्हणून चहाच्या आधी आइसपॅक काढा. टेबलावर सुटे-सुटे मांडा. अंगावरचं पांढरं दंव जाऊन पॅकला घाम फुटतो. मग कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं की चारही पॅक डब्यात. पावसाळी हवेत याला तासभरही लागतो, घाई करू नका. शंका आली तर शेक टेस्ट (आयपीव्हीला ती लागू नाही): त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. संशयित कुपीतला साका गोठवलेलीइतकाच भराभर खाली बसला, तर ती फेका.

बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) यांच्या भुकटीत मिसळायचं द्रावण, म्हणजे डायल्युएंट, २४ तास आधी आयएलआरमध्ये (लसींच्या फ्रिजमध्ये) हवं, आणि त्याच कंपनीचं. या कुपी ढाण्यावर, बाळ समोर आल्यावरच फोडा आणि कुपीवर वेळ लिहा; चार तासांनंतर थेंबही वापरायचा नाही. समोर एकच बाळ असलं तरी फोडा. कुपी वाचवण्यासाठी आईला परत पाठवलं तर ती पुन्हा येईलच असं नाही.

निंदणाच्या दिवसांत बाया नऊला शेतात जातात. त्यामुळे साडेआठच्या आत अंगणवाडीत मांडणी झालीच पाहिजे. शेवटची सुई साडेअकराला, मग अर्धा तास थांबणं सक्तीचं, आणि दुपारचा पाऊस गाठायच्या आत नाला पार. उघडलेली पेंटाची कुपी त्याच दिवशी आयएलआरमध्ये परत गेली, तरच पुढे २८ दिवसांपर्यंत चालते.

आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष माणसं मोजतो, नाले मोजत नाही. जून ते सप्टेंबरचा मायक्रोप्लॅन वेगळा लिहायलाच हवा, पायी लागणाऱ्या वेळेसकट. तोवर आदल्या संध्याकाळी आशाताईंना फोन करा आणि एकच विचारा: नाल्यातला मोठा दगड दिसतोय का?