पतीच्या मृत्यूचा दाखला

म्हाताऱ्या बाईची पेन्शन अडली आणि सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी गेलात, की पहिल्याच वाक्यात सांगून टाका: “पेन्शन हिची स्वतःची आहे, नवऱ्याची नव्हे.” नमस्कार-चमत्कार नंतर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फोंडा-पणजीच्या दोन फेऱ्या तरी वाचल्या असत्या.

मावशी अठ्ठ्याहत्तरची. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असते. दर नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला मीच करते. यंदा मशीन तिच्या बोटांचे ठसे घेईना. दहाही बोटं पुसून, फुंकून, दाबून झाली. “तीस वर्षं हात घासून घासून धुतले गो, रेषा उरतील कशा?” ती म्हणाली. मग मोबाईलवर चेहरा दाखवून केला. तो सोपा आहे, फक्त उजेडाकडे तोंड करून बसवा. आमचा तुळशीपाशी झाला.

झाला म्हणजे, झाला असं वाटलं. जानेवारीत पेन्शन आलीच नाही. नाव जुळत नव्हतं. मावशीचा जन्म १९४७चा, दाखला पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे नावातल्या ‘श’ला त्यांच्या रीतीने एक्स. सैन्यात भरती होताना तेच स्पेलिंग गेलं, पेन्शनच्या कागदावरही तेच. आधारवर मात्र शाळेत शिकवतात तसं. गोव्यात घराघरात हे दुखणं आहे, त्याचं काही नाही. एक प्रतिज्ञापत्र लागतं, ही आणि ती एकच व्यक्ती असं. ते नोटरीकडे अर्ध्या तासात झालं.

अडलं ते खिडकीवर. कार्यालयाचं नाव घेत नाही.

खिडकीतल्या गृहस्थांनी मावशीकडे पाहिलं, पांढरे केस, सुती साडी, आणि फॉर्म सरकवला. कुटुंब पेन्शनचा. “पतीच्या मृत्यूचा दाखला आणि पुनर्विवाह केला नसल्याचं प्रमाणपत्र जोडा.” मी म्हटलं, पेन्शन यांची आहे. “हो, विधवेच्याच नावावर असते.” मावशी शांतपणे कोंकणीत म्हणाली, “लग्नच जावंक ना म्हजें, घोव खंयसून हाडूं?” लग्नच झालं नाही माझं, नवरा कुठून आणू? मागे रांगेतला एक म्हातारा हसला. गृहस्थ हसले नाहीत. लग्न झालं नसेल तर अविवाहित मुलगी म्हणून वडिलांची पेन्शन, त्याचा फॉर्म वेगळा. त्यांनी तोही दिला.

दुसऱ्या फेरीत मी “नर्स” हा शब्द उच्चारला, ती चूक झाली. तुम्ही करू नका, हुद्दा सांगा. नर्स म्हटल्यावर आम्हाला सरळ आरोग्य खात्याकडे पाठवायला निघाले. “त्या काळात बायका आर्मीत होत्या कुठे?” घरी येऊन रागाच्या भरात मी शोधत बसले. सैन्याच्या वैद्यकीय सोडून इतर शाखांत बायकांना अधिकारी म्हणून १९९२पासून घेऊ लागले, गृहस्थांच्या डोक्यात तेच असणार. पण लष्करासाठीच्या पहिल्या दहा नर्सा १८८८मध्ये मुंबईला उतरल्या होत्या, आणि १९४३च्या वटहुकमापासून त्यांना रीतसर अधिकाऱ्यांचा दर्जा आहे. हे सगळं मी कागदावर लिहून नेलं. कुणी वाचलं नाही, तेव्हा तुम्ही तेवढी मेहनत घेऊ नका.

त्याच दिवशी तिथली वीज गेली. काळोखात बाकावर बसलो होतो आणि मावशी आपणहून बोलायला लागली. घरी विचारलं तर कधी बोलत नाही. ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पठाणकोटच्या विमानतळावर पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा ही तिथल्याच लष्करी इस्पितळात लेफ्टनंट होती, चोवीस वर्षांची. खिडक्यांना काळे कागद, टॉर्चच्या काचेवर लाल फडकं. “लाल उजेडात रक्त दिसत नाही गो. पांढरी चादर, लाल चादर, सगळं सारखंच.” म्हणून हाताने चाचपायचं, हाताला ओलं आणि गरम लागेल तिथे दाबून धरायचं. दुसऱ्या रात्री त्यांनी लाल काढून निळा कागद लावला. निळ्यात रक्त काळं दिसतं. सीमेपलीकडच्या शकरगढच्या बाजूने सुरुंगावर पाय पडलेली पोरं यायची. बूट काढायचा नसतो, कात्रीने कापायचा, टाचेकडून. तिने बाकावरच माझ्या चपलेवर बोट फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत. लढाई तेरा-चौदा दिवसांत थांबली, पण पेरलेले सुरुंग काढताना जखमी झालेली पोरं नंतरही येतच राहिली.

वीज आली. पुकारा झाला, “कुटुंब पेन्शनवाल्या बाई कोण?” मावशी उठलीच नाही.

तिसऱ्या फेरीत मी तिचं एकाहत्तरच्या लढाईचं संग्राम मेडल पर्समध्ये घालून नेलं, खिडकीवर आपटायचं म्हणून. गरज पडली नाही. ते गृहस्थ रजेवर होते, जागी एक तरुण मुलगी होती. तिने पेन्शनचा आदेश हातात घेतला आणि वाचला. बस्स, वाचला. पेन्शनचा प्रकार: सेवा. हुद्दा: मेजर. “स्पेलिंगचंच आहे ना, मॅडम?” प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, पोच. वीस मिनिटं. मला आनंद व्हायच्या ऐवजी संतापच आला, कारण तोच कागद दोनदा त्याच खिडकीतून आत जाऊन परत आला होता.

पोच घेतल्याशिवाय मात्र हलू नका, आणि मूळ आदेश कुणाच्या हाती ठेवू नका, झेरॉक्स द्या. ऐंशी ओलांडलेल्यांचा दाखला ऑक्टोबरपासूनच घेतात, म्हणजे काही अडलं तर महिनाभर हाताशी राहतो. दोन वर्षांनी आमचाही नंबर.

थकबाकीसकट पैसे मार्चमध्ये जमा झाले. कुटुंब पेन्शनचे कोरे फॉर्म अजून घरात आहेत, पाठकोरे. काल मावशीने त्यातल्या एकाच्या मागे बाजाराची यादी लिहून दिली: उकडे तांदूळ, सोलं, खोबरेल, टॉर्चचे सेल दोन.