आजोबांची एकनळी आणि काडतुसाचा घोळ

आजोबा गेले तेव्हा घरात तीन गोष्टींवरून चर्चा झाली: विहिरीचा हिस्सा, आजीच्या पाटल्या आणि बंदूक. पहिल्या दोन एका बैठकीत मिटल्या. बंदुकीला दीड वर्ष लागलं.

आमची जमीन चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. केळी, मका, रब्बीत हरभरा आणि थोडी दादर ज्वारी. डोंगराच्या बाजूने रानडुकरं उतरतात, मधूनमधून रोही, म्हणजे नीलगायही. मका चिकावर आला की डुकरांचा कळप एका रात्रीत दोन-तीन गुंठे आडवे करतो. खातात कमी, लोळतात जास्त. सुतळी बॉम्ब, पत्र्याचे डबे, जुन्या साड्या, सगळं करून झालं होतं. म्हणून आजोबांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) एकनळी माझ्या नावावर करून घ्यायचं ठरलं.

परवानाधारक वारला की हत्यार लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही ते केलं आणि पावती नीट ठेवली. पुढे अर्ज, सातबारा, डॉक्टरांचा दाखला, हत्यार कुठे कुलूपबंद ठेवणार याचं हमीपत्र, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि सगळ्या वारसांची ना-हरकत. आमच्या दोन आत्या सुरतेला. धाकटी म्हणाली, "सही देते, पण आधी सांग, पाटल्या कुणाकडे गेल्या?" त्या एका सहीसाठी सुरतेला दोन फेऱ्या झाल्या. एका कार्यालयात फाईल चार महिने 'साहेबांच्या टेबलावर' होती. टेबल रोज दिसायचं, फाईल काही दिसायची नाही.

मधल्या काळात कायदा वाचून काढला. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आजोबांनी तरुणपणी कुणाची कशी खात्री पटवली असेल, देव जाणे.

शेवटी परवाना हातात आला. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे त्यावर लिहिलेलं असतं. मला वाटलं, संपलं. दुकानात गेलो आणि म्हणालो, "बारा बोअरची दहा द्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "कोणती?"

आमच्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावला लष्कराची काडतुसं बनतात, त्यामुळे काडतूस म्हणजे आपल्या गावचा माल असा माझा उगाच एक रुबाब होता. तो तिथेच उतरला. बारा बोअरचं 'शक्तिमान' नावाचं काडतूस येतं पुण्याच्या खडकीहून, आणि त्यातही किती प्रकार! छऱ्यांच्या आकाराला नंबर नाहीतर इंग्रजी अक्षरं असतात. सहा नंबरचे छर्रे एका औंसात, म्हणजे साधारण 28 ग्रॅममध्ये, 270 च्या आसपास बसतात, चार नंबरचे 170, बीबीचे 70, एएएचे 35. एसजीचे मात्र आठ, आणि एलजीचे फक्त सहा. त्याच्या पुढे एकच गोळी भरलेलं काडतूस. छर्रा जितका मोठा तितके नग कमी, हा सगळा हिशेब.

"डुकरासाठी," मी म्हणालो.

"मग बारीक छऱ्यांचे सगळे सोडा. बारीक छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर उसात शिरलं की दुसऱ्या दिवशी मजुराला फाडतं." मग त्याने विचारलं, "बंदूक बरोबर आणलीय?"

आणली होती. त्याने ती बिजागरीतून मोडून उघडली, नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि नळीच्या बुडाशी, एरवी लाकडात झाकलेल्या भागावर बोट ठेवलं. तिथे शंकरपाळ्यासारख्या चौकटीत 12 आणि खाली सी, शेजारी 2½. लहानपणापासून मी ही बंदूक तेलाने पुसत आलोय, पण ती खूण कधी वाचली नव्हती.

2½ म्हणजे काडतुसाचं घर अडीच इंचाचं, 65 मिलिमीटर. त्याच्या कपाटात त्या दिवशी एलजी होतं ते 70 मिलिमीटरचं. त्याने एक रिकामी डमी घरात सरकवून दाखवली. अगदी गुळगुळीत बसली. मी म्हटलं, बसतंय की!

"तेच तर," तो म्हणाला. खोक्यावर लिहिलेली लांबी उडालेल्या काडतुसाची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं आणि आखूड घरातही आरामात बसतं. बार उडाला की घडी उलगडते आणि पुढे नळी जिथे अरुंद होते तिथे जाऊन अडते. छर्रे त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडायला बघतात आणि मागे दाब चढतो. जुन्या नळीला हे एकदा सोसेल, दहादा सोसेल. अकराव्या वेळी तुमचा डावा हात नळीखाली असतो.

घरी येऊन आजोबांची पेटी उघडली. तळाशी कागदी नळीची फुगलेली तीन काडतुसं होती. त्यांवर पुसट '65'. म्हातारा हे जाणून होता, पण सांगितलं कुणालाच नाही. ती तिन्ही मी पोलीस ठाण्यात जमा केली.

65 ची वाट बघण्यात पाच आठवडे गेले. आली तेव्हा पाच एलजी, पाच एसजी घेतली आणि परवान्यावर नोंद करून घेतली. एकच गोळीवालं दुकानदाराने स्वतःहून नको सांगितलं. एक म्हणजे नळी तोंडाशी आवळलेली. दुसरं कारण माझ्या शेतातलं होतं. आमच्याकडे मोटारींना थ्री फेज लाईन बऱ्याचदा रात्रीची असते. डुक्कर ज्या वेळी येतं त्याच वेळी शेजारच्या मळ्यात कुणीतरी पाण्याचे बारे देत उभा असतो, तोही केळीच्या आड, न दिसणारा. एलजीचा दाणा उंच उडाला तर 700 मीटरच्या आसपास जातो, एकच गोळी किलोमीटरच्याही पुढे. मारायला तो तिथे निकामी असेल, पण डोळा फोडायला पुरे. त्यामुळे डुकराचं काय होईल हे नंतर, आधी डुकराच्या मागे काय आहे ते पाहायचं.

प्रशिक्षण घेतलं होतं त्याच रायफल क्लबच्या रेंजवर दोन्ही प्रकार तपासले. वर्तमानपत्राचं पूर्ण पान 30 पावलांवर लावलं. एलजीचे दोन बार: पहिल्यात सहापैकी तीन दाणे पानात, दुसऱ्यात दोन. एसजीचे दोन बार: आठपैकी सहा, मग पाच. मोठा दाणा भारी असं मी धरून चाललो होतो. पण आवळलेल्या तोंडातून मोठे दाणे एकमेकांना रेटत बाहेर पडतात आणि फाकतात. दुसरी एखादी बंदूक उलटही दाखवेल. माझी एसजी मागते. तेही 25 पावलांच्या आत, आणि मचाणावरून खाली, म्हणजे चुकलेला दाणा मातीत जाईल.

नाना, माझे चुलते, पान बघून म्हणाले, "बठ्ठं (सगळं) खरं शे, पण नळी एकच शे ना भाऊ. दुसरा बार नही."

एवढं झालं तरी डुकरावर बार काढता येत नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, वनखात्याची परवानगी वेगळी. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर त्यासाठी लेखी परवानगी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारचं. गावात दोघांनी "वाटा ठेव हां" असं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांना हे पटलेलं नाही.

परवानगी आली तोवर हरभरा निघून गेला होता, मका उभा होता. पहिल्या रात्री मी आणि नाना मचाणावर बसलो. दीडच्या सुमाराला सात-आठ डुकरं आली, नेमकी नानांच्या विहिरीच्या अंगाने. त्या बाजूला नानांचा मुलगा पाण्यावर होता. त्याच्या बॅटरीचा उजेड केळीत मधेच दिसायचा, मधेच नाही. नानांनी काही न बोलता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी नळी मोडून काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. डुकरं खाली तासभर मका मोडत होती, कडकड आवाज येत होता.

पुढच्या दोन रात्री ती आलीच नाहीत. मग परवानगीची मुदत संपली.

आता मक्याभोवती सोलरची झटका मशीन, म्हणजे विजेचा झटका देणारं तारेचं कुंपण, लावली आहे. कपाटात एसजीची तीन आणि एलजीची तीन शिल्लक आहेत. नवा अर्ज दिलाय. तो यंदा हरभरा घाट्यावर येण्याआधी मंजूर झाला तर मचाण या वेळी विहिरीच्या बाजूला बांधायचंय, तोंड डोंगराकडे करून.