पासवर्ड विसरले म्हणून अख्खा मदरबोर्ड बदलायचा?

भाचीला यंदा डिप्लोमाला कॉम्प्युटर ब्रँच मिळाली आणि ताईला लगेच नवीन लॅपटॉप घेणं जमणार नव्हतं, म्हणून मी म्हटलं माझा जुना पडलाय कपाटात तो घेऊन जा. २०२० मध्ये ४६ हजारांना घेतलेला, नंतर ऑफिसने दुसरा दिला म्हणून दीड वर्ष हात लागला नव्हता त्याला. चार्जिंगला लावला, चालू केला, तर काळी स्क्रीन आणि मधोमध एक छोटा चौकोन. विंडोज यायच्या आधीच पासवर्ड मागतोय. मग आठवलं, तेव्हा रोज लोकलने जायचे, गर्दीत कुणी बॅग उचलली तर त्याला काही बघता येऊ नये म्हणून मीच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममध्ये जाऊन हा पासवर्ड लावला होता. तीनदा टाकला, तिन्ही वेळा चुकला, लॅपटॉप लॉक. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. सुचतील तेवढे सगळे टाकून बघितले, दोन रात्री त्यातच गेल्या.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. सोबत ओरिजिनल बिल, आधार कार्ड, लॅपटॉपचा खोका सुद्धा, त्याच्यावरचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच. काउंटरवरच्या मुलाने कागद बघितलेच नाहीत. म्हणाला, मॅडम बायोस पासवर्ड आहे, मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्डच बदलावा लागेल, २७ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३१,८६० रुपये! मी दोनदा विचारलं की बोर्ड खराब झालाय का, तर म्हणे नाही, बोर्ड चांगलाय पण आमची पॉलिसी अशीच आहे.

आता हे नीट समजून घ्या कारण मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. विंडोजचा पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवरून तो घरबसल्या बदलता येतो, एक रुपया लागत नाही. बायोसचा पासवर्ड मात्र हार्डडिस्कवर नसतोच, तो असतो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये, त्यामुळे फॉर्मॅट मारा नाहीतर डिस्क बदला, काही फरक पडत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये गोल सेल असायचा, तो काढून ठेवला की पासवर्ड उडायचा, कारण ती सेटिंग त्या सेलच्या करंटवरच टिकून असायची. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये करंट नसला तरी चिप पासवर्ड धरून ठेवते. मुद्दाम तसं केलंय, चोराला लॅपटॉप वापरता येऊ नये म्हणून, आणि ते मला पटतं, मी स्वतः त्याच भीतीने पासवर्ड लावला होता. पण बिल हातात घेऊन समोर उभा असलेला माणूस आणि चोर यांच्यात काही फरक करणार की नाही? काही कंपन्यांचे काही मॉडेल असे आहेत की सिरियल नंबर आणि मालकीचा पुरावा दिला की अनलॉक कोड मिळतो. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

शेवटी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, ताई बिल आहे का? बिल नसेल तर हात लावत नाही म्हणाले. सर्व्हिस सेंटरने जे बघितलंच नाही ते या छोट्या गाळ्यातल्या माणसाने चष्मा वर करून नंबर ताडून बघितलं, मला खरंच भरून आलं. मग मागचं झाकण उघडून दाखवलं, नखाएवढी काळी चिप, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. तिला चिमटा लावून आधी सगळा डेटा वाचून सेव्ह करून ठेवला, मग पासवर्डचा भाग साफ करून परत लिहिला. १,८०० रुपये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार.

चालू झाल्यावर विंडोजने ४८ आकडी बिटलॉकर की मागितली. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, आणि ही की म्हणजे त्या कुलपाची किल्ली. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, फर्मवेअरला, म्हणजे चिपमधल्या त्या बायोसला हात लागला की बहुतेक वेळा मागतो, बोर्ड बदलला असता तरी मागितलीच असती. सुदैवाने ती माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये होती, मोबाइलवर उघडून आकडे एकेक करून टाकले. हे सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी बोललं सुद्धा नाही! की नसती तर ३१,८६० भरून नवीन बोर्ड आला असता आणि आईच्या साठीचे फोटो मात्र कायमचे गेले असते. तुमची की आजच बघून ठेवा, आणि कागदावर उतरवून घ्या.

केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं, पण काउंटरवर उभं राहिल्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये. माझं म्हणणं एवढंच आहे, बिल बघा, ओळखपत्र बघा, हवे तर दोन हजार घ्या, पण चांगला चालणारा बोर्ड काढून भंगारात टाकायला लावू नका.

भाची काल लॅपटॉप घेऊन गेली. बायोसचा पासवर्ड आता काढून टाकलाय, आणि बिलाची झेरॉक्स, बिटलॉकरची की, दोन्ही तिच्या फाइलमध्ये पहिल्याच पानाला लावून दिलंय.