सॅकमधला वास

सॅकमधला वास कसा घालवायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, एरवी माझ्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात दोन वाक्यांत उरकतो. नाशकात गटारी झाली की पुढच्या आठवड्यात माझ्याकडे दोन-तीन सॅक येतातच. सांगायला चेन बिघडलेली असते. खरी तक्रार मागाहून, आवाज खाली आणून : "काका, मटण नेलं होतं. वास जात नाहीये."

गडावर मटण नेऊ नये हे आपली पोरं पाळतात, पायथ्याच्या गावातच चूल मांडतात. पण गावापर्यंत ते सॅकमधूनच जातं, खाटकाने दिलेल्या पातळ पिशवीत. ती फाटून रक्त गळायला हाडाचं एक टोक पुरतं.

बहुतेकांनी माझ्याकडे यायच्या आधीच कढत पाणी ओतलेलं असतं. तिथेच घोळ होतो. अंड्याचा पांढरा बलक उकळत्या पाण्यात थिजतो ना, तसं रक्त धाग्यात थिजतं. रक्ताला गार पाणीच हवं, आणि डाग वाळायच्या आत. पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं, मग एन्झाइमवाली धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून अर्धा तास. रात्रभर भिजत ठेवू नका, आतलं पाणी अडवणारं पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग सुटतं. जुन्या सॅकचं तर पापुद्रे होऊन हाताला येतं. ब्लीच नायलॉनला खातं. वॉशिंग मशीनमध्ये बकल मोडतात. सेंट तर मारूच नका, मटणाला सेंटचा वास येतो, बाकी काही होत नाही.

एवढं करूनही वास राहतो. का, ते मला गेल्या दिवाळीत नीट कळलं. एक गृहस्थ मुलाची सॅक घेऊन आले. मुलगा अमेरिकेत, तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे असली सॅक मी प्रथमच हातात धरली. बनवणाऱ्याला मानलं. पाठीची चौकट आणि पिशवी सुटी होते, मांस त्या दोहोंच्या मध्ये आवळायचं. वजन पाठीलगत राहतं आणि आतल्या कपड्यांना काही लागत नाही. मांसही प्लास्टिकमध्ये नाही, विरळ कापडी पिशवीत. ताजं मांस गरम असतं, कोंडलं की नासतं, म्हणून त्याला वारा हवा.

मुलाने तिकडे दोनदा धुतली होती. वासावर अस्वलं येतात, तेव्हा तिथे हयगय चालत नाही. तरी कंबरपट्ट्याला नाक लावलं की कळत होतं. मी पट्ट्याची शिवण चार बोटं उसवली. आतला फोम तपकिरी! वरून झिरपलेलं सगळं घामाबरोबर तिथे उतरलं होतं. कापड धुतलं होतं, फोमपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी पट्टे दाबून बघतो. उसवायचं नसेल तर टबात गार पाणी घेऊन पट्टा त्यात बुडवायचा आणि स्पंज पिळतो तसा पिळायचा, पाणी बदलत, दहा-पंधरा वेळा. पाठीतली पट्टी निघत असेल तर काढायची. पायपिंगच्या, म्हणजे कडेच्या गोटाच्या, आणि तळाच्या शिवणींवर जुना टूथब्रश. हे काम मोरीत करा. गोदावरीवर साबण घेऊन जायचं असेल तर मला विचारू नका. मग सॅक उलटी, सगळ्या चेन उघड्या, सावलीत टांगायची. कडक उन्हाने नायलॉनचा दम जातो. फोमला दोन-तीन दिवस लागतात. बाहेरून कोरडी दिसली म्हणून माळ्यावर टाकलेली सॅक पुन्हा माझ्याकडेच येते, या वेळी बुरशी घेऊन.

त्या अमेरिकन पट्ट्याचा फोम मी बदललाच. चौथ्या दिवशी गृहस्थ न्यायला आले. पट्टा हुंगला, शिवण हुंगली, पिशवीत डोकं घालून हुंगलं. म्हणाले, "वास गेला हो. पण फोमचे पैसे वेगळे का लावलेत?"